ताकदीची सुई

आई, माझ्या उजव्या हाताची तीन बोटं बधिर झाली आहेत. फळ्यावर लिहिताना खडू हातातून सुटतो आणि वर्गातली पोरं हसतात. लातुरात ज्या डॉक्टरांकडे गेले ते माझ्याहून बरेच लहान, शांत स्वभावाचे. त्यांनी मला डोळे मिटायला सांगितलं आणि बोटांच्या पेरांना टाचणी लावत विचारलं, "काय वाटतंय?" मी लगेच म्हणाले, "दुखत नाही." ते म्हणाले, "मॅडम, दुखतं का हे मी विचारलंच नाही. टोचतंय, बोचतंय, मुंग्या येतायत, नुसता स्पर्श कळतोय, जे असेल ते सांगा." मला काही म्हणजे काही सांगता येईना. सारा जन्म पोरांना मराठी शिकवण्यात घालवलेली बाई मी, आणि साध्या शब्दासाठी अडून बसले. शेवटी त्यांनी अंगठ्याखालचं बसलेलं मांस दाबून पाहिलं. "फार उशीर केलात. सुरुवातीला झिणझिण्या आल्या असतील, तेव्हाच यायचं. ऑपरेशन करू, पण बोटांना पहिल्यासारखं कळेल असं मी सांगत नाही." परत येताना ऑटोत मला तुझा राग आला. इतका, की शेजारच्या बाईनं विचारलं, बरं वाटत नाही का. तिलाही मी काही नाही म्हणाले.

तुझ्याकडे हे शब्द किती होते. लोह्याकडच्या खेड्यांत तू नर्स म्हणून हिंडायचीस आणि सुई लावण्याआधी माणसाला काय होणार ते नेमकं सांगायचीस. "ही टोचंल अन् सुटंल." "हे औषध झोंबतंय मामा, जरा दम धरा." "पायाला मुंग्या येतील, भिऊ नका, जातेत." आणि तसंच व्हायचं. मोठ्या डॉक्टरपेक्षा लोक तुझं ऐकायचे ते त्यामुळे. घरी मी लंगडत आले की तू चुलीपुढून न उठता विचारायचीस, "रुतलंय का सलतंय?" रुतलं असेल तर नुकताच गेलेला सराटा, चिमटीत धरून ओढला की निघतो. सलत असेल तर आत मोडून राहिलेलं कुसळ, त्याला सवडीनं बसावं लागतं. करडईच्या रानातून आले तर पोटऱ्यांकडे बघून न विचारताच खोबरेल काढायचीस. तेव्हा मला सगळं सांगता यायचं, कारण तू सगळं विचारायचीस.

मग लेकरांना लस टोचायचं काम आलं. ज्या दिवशी तुम्ही येणार, त्या दिवशी बाया लेकरं काखेत मारून रानात निघून जायच्या. सुईनं लेकरू लुळं पडतं असं कुणीतरी उठवून दिलं होतं. तू समजावून थकलीस आणि एक दिवस मला जीपमध्ये घालून घेऊन गेलीस. मी पहिलीत असेन. शाळेच्या ओट्यावर मला स्टुलावर उभं केलंस आणि जमलेल्या बायांना म्हणालीस, "ही माझी सोताची लेक हाय. आधी हिला देते, मग तुमी ठरवा." बाही वर करताना माझ्या कानाशी वाकलीस. "ताकदीची सुई हाय. रडायचं न्हाई, समदे बघून राहिलेत." उकळून उकळून बोथट झालेली ती सुई दंडात शिरते, मग आत काहीतरी पेटल्यासारखं होतं, आणि मी समोरच्या भिंतीवरचे बाराखडीचे रंग बघत उभी राहते. "दुखलं का गं?" तू सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारतेस. "न्हाई," मी म्हणते. बाया हसतात, एकमेकींना कोपरानं ढोसतात, आणि एकेक लेकरू पुढं येतं.

गाव बदललं की पुन्हा स्टूल, पुन्हा मी. त्या दिवसांत माझा दंड कायम गाठीगाठींचा असायचा. कुशीवर झोपता यायचं नाही. पायातल्या कुसळाची चौकशी करणाऱ्या तुला माझा दंड दिसायचा, तू तेल लावायचीस, पण कसं वाटतं ते एकदाही विचारलं नाहीस.

आणि ती ताकद! मी आयुष्यभर त्या ताकदीवर विसंबून राहिले. नवऱ्याला सांगायची, पोरांना सांगायची, लहानपणी आईनं सुया दिल्यात म्हणून मी आजारी पडत नाही. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, आणि गेल्या दिवाळीनंतर नांदेडला खालांकडे गेले होते. तुझ्या उपकेंद्रात सुया उकळणाऱ्या खाला, आता थकल्यात, पण बोलणं तसंच. चहा ओतता ओतता म्हणाल्या, "तुझी अम्मी लई हुशार. तुला नुसती पाण्याची सुई लावायची अन् समदा गाव लाईनीत उभा." त्या हसल्या. मीही हसले. परवा डॉक्टरांना सहज विचारल्यासारखं विचारलं, तर ते म्हणाले, "नुसतं पाणी? ते तर औषधापेक्षा जास्त झोंबतं."

म्हणजे तुला ठाऊक होतं. परक्या मामाला दम धरायला सांगणारी तू, तुला ठाऊकच असणार. तू मला फसवलंस, आई. गावाशी खरं बोलायचीस आणि घरच्या पोरीशी खोटं. त्या गावांतली लेकरं वाचली, हे मला कळतं. मनातल्या मनात तुझ्याशी भांडते तेव्हा तू तीच लेकरं पुढं करतेस. पण मीसुद्धा लेकरूच होते ना? हाताला मुंग्या यायला लागल्या, रात्री बोटं चुरचुरायला लागली, तेव्हा घरात सगळे विचारायचे आणि माझ्या तोंडून आपोआप "काही नाही" निघायचं. हे तू शिकवलंस. आता बोटं गेली तर ती काही परत येणार नाहीत.

हे पत्र कुठल्या पेटीत पडणार नाही, म्हणून एक लिहून टाकते. एकदा खाला तुला म्हणाल्या होत्या, "पोरीला ऱ्हाऊ द्या आज, दंड सुजलाय तिचा." जीप दारात उभी होती. तू माझ्याकडे बघितलंस, नेहमीसारखं नाही, जरा थांबून, आणि हळूच विचारलंस, "दुखतंय का गं?" तेव्हा ऐकणारं गाव नव्हतं. एरवी तू दिवस दिवस मला शेजारच्यांकडे टाकून जायचीस आणि मी उंबऱ्यावर बसून वाट बघायची. सुईच्या दिवशी मात्र जाता-येता तुझ्या मांडीवर जागा मिळायची, तुझा हात माझ्या पोटाभोवती असायचा. मी न्हाई म्हणाले आणि स्वतःच बाही वर केली. दुखतं म्हणाले असते, तर तू मला ठेवून गेली असतीस.