दसऱ्याच्या आत सर्व्हर

१६ सप्टेंबर

नाही झालं! दिवसभर डोकं फोडून नाही झालं. शेठनी कुठून तरी जुना सर्व्हर उचलून आणलाय. पंखा असा घरघरतो की पॅकिंगवाले येऊन विचारतात, कुठली मोटर लावली? त्यावर म्हणे लिनक्स टाक, लिनक्सवर डेटाबेस टाक, आणि कारखान्यात बनणाऱ्या ड्रमचा सगळा हिशोब, किती बनले, किती गेटबाहेर गेले, त्यात आण. दसऱ्याच्या आत! "चालू झाला की तुला कायम करतो," निमेशशेठ म्हणाले. नाही झाला तर काय, ते बोलले नाहीत. तेवढं मला कळतं.

लिनक्स कसंबसं बसवलं. डेटाबेस उतरवायला घेतला, तर एमआयडीसीचं इंटरनेट गेलं ते गेलंच.

येताना रिक्षात बाबांचं सुरू — "चाललं का?" पंप आहे का तो, बटण दाबलं की चालायला!

१८ सप्टेंबर

पोस्टग्रेस, म्हणजे तो डेटाबेस, बसला एकदाचा. पण आत जायला गेले तर मलाच आत घेईना. मला वाटलं पासवर्ड चुकला. छे! हा पासवर्ड विचारतच नाही. मशीनवर कोण बसलंय त्याचं नाव बघतो, आणि आपल्या यादीत नसलं की सरळ हाकलतो. मीच बसवलेला, आणि मलाच ओळख दाखवत नाही! अर्धा दिवस त्यात गेला. शेवटी त्याच्याच नावाने आत शिरले आणि मग माझं नाव घातलं.

बाबा दोनदा डोकावले. हातात टेस्टर. "गरम झालंय बघ किती. त्याला जरा इसावा दे." बाबा, सर्व्हरला विसावा नसतो! कितीदा सांगू? कारखाना उघडला तेव्हापासून ते इथले इलेक्ट्रिशियन. तिकडे जिंतूरला असल्यापासून मोटरी बांधतायत, त्यामुळे जगात जे काही विजेवर चालतं ते मोटरच. त्यांनी शब्द टाकला म्हणून मी इथे लागले, हे झाडूवालीपासून सगळ्यांना माहीत. कुणी "रामकिसनची पोरगी" म्हटलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. म्हणून हे एक काम माझ्या जिवावर व्हायला हवं.

२२ सप्टेंबर

घट बसले. माझं नशीब अजून उठलेलं नाही.

सकाळपासून गेटवरून दीपिकाचे फोन. ती दातिवऱ्याची, आवाज असा की फोन नसता तरी ऐकू आला असता. "प्रतीक्षा, तुजा सर्व्हर आमच्या कॉम्प्युटरला दिसत नाय गो! ट्रकवाले शिव्या घालतान!" शोध शोध शोधलं. तर हा डेटाबेस मुळातच असा की फक्त स्वतःच्या मशीनचं ऐकतो. बाहेरचं कुणी बोललं तर लक्षच देत नाही. घरी एक आहेत तसे, आता ऑफिसातही! फाइलमध्ये ती ओळ बदलली. काही नाही. मग कळलं, बंद करून परत चालू केल्याशिवाय ती लागू होत नाही. केलं. तरी नाही. दुसऱ्या फाइलमध्ये गेटच्या कॉम्प्युटरला परवानगी द्यावी लागते. दिली. तरी नाही! फायरवॉल! एका दाराला तीन कुलपं, आणि तिन्ही मला एकेक करून कळणार.

केळव्याच्या शितलाईला नारळ बोलले. आई, दसऱ्याच्या आत हे होऊ दे. हसावं की रडावं — डिप्लोमा केलेली मी.

२६ सप्टेंबर

जुनी डिस्क पुरेना. नवी आणली, तिच्यावर सगळा डेटा हलवला. डिस्क बसवायला पट्टी लागत होती, ती बाबांनी कापून, कानस मारून दिली. सुंदर बसली. पण पट्टी दिली म्हणून वर विचारायचं — "दसऱ्याच्या आत व्हईल ना?" शेठना नाही एवढी घाई यांना!

डिस्क तेवढ्यापुरती हाताने कमांड देऊन फोल्डरला जोडली, चालली. बाकीचं नंतर. डोळे चुरचुरतायत.

२९ सप्टेंबर

चाललं!!! जुनं सॉफ्टवेअर बंद, सगळा हिशोब नव्यात. गेटवर दिसतंय, गोडाऊनला दिसतंय. दीपिका म्हणाली, "आता कसा बरा वाटते!" शेठ "गुड" म्हणाले.

बाबांना सांगितलं. वाटलं, आता हे साऱ्या कारखान्याला सांगत सुटणार. तर नुसतं "बेस झालं" म्हणाले आणि पॅनलकडे गेले. चहा तसाच ठेवून. एरवी नको तेव्हा बोलतात!

१ ऑक्टोबर, खंडेनवमी

मला कुणीतरी धरा!

दसऱ्याला सुट्टी, म्हणून पूजा आज. मोटरी, मोल्डिंग मशीन, पाने, हातोड्या, सगळं धुऊन पुसून झेंडूच्या माळा. ठीक आहे. मी प्रसाद घेऊन खोलीत आले तर शांतता. पंख्याचा आवाज नाही! सर्व्हर बंद. त्याच्यावर हळदकुंकू, समोर नारळ, आणि शेजारी बाबांची पक्कड, टेस्टर, हातमोजे मांडलेले. यूपीएससुद्धा बंद — का? तर "लई वरडत होता."

"आज हत्याराला हात लावायचा नसतो, बाई. त्याला बी इसावा."

मी सगळ्यांसमोर ओरडले. काय वाट्टेल ते बोलले. हे हत्यार नाही, असा मध्येच बंद पाडत नाहीत, तुम्हाला कळत नाही तर हात का लावता! बाबा हसले, म्हणाले, "दोन दिस ऱ्हाऊ दे. माझ्यासाठी." प्लांटच बंद, मग मीही चालू केला नाही. घरी येऊन डबा आपटला. आई म्हणाली, सणाचं तरी नीट वाग. मीच वागू!

३ ऑक्टोबर

सर्व्हर लावला. डेटाबेस उठेना. डेटाचं फोल्डर उघडलं.

रिकामं!

गेटवर ट्रक अडलेले, दीपिकाचा फोन, आणि दारात शेठ. मी तोंड उघडायच्या आत बाबा पुढे. "म्या बंद केलता, साहेब. तिची काय चूक न्हाई." शेठनी त्यांना सगळ्यांदेखत झापलं. बाबा खाली मान घालून उभे. आणि मी? मी गप्प! मनात म्हणत होते, बरोबरच आहे, यांनीच घातला घोळ.

मग नीट बघितलं. डिस्क जागेवर होती, डेटाही होता, फक्त डिस्क त्या फोल्डरला जोडलेली नव्हती. दरवेळी सुरू होताना जोडून घे, असं मशीनला लिहून द्यायची एक ओळ. ती ओळ मी लिहिलीच नव्हती! हातानेच जोडली होती ना — बाकीचं नंतर! एका कमांडमध्ये सगळे ड्रम परत. लाइट कधीही गेली असती तरी हेच झालं असतं. ती ओळ लिहिली, बंद करून चालू केला. आपोआप उठला.

शेठना सांगायला गेले तर ते वापीला निघून गेलेले. बाबाही लवकर गेले होते, घरी आले तर झोपलेले. उद्या आधी शेठना सांगणार. मग बाबांची माफी. लाज वाटते.

४ ऑक्टोबर

बाबा म्हणाले, आज जरा सुट्टी टाकलीय. एकटीच गेले. शेठना सगळं सांगितलं — चूक माझी, बाबांना उगाच बोललात.

शेठ म्हणाले, "अरे, ते मी विसरलो पण. रामकिसन तर कालपर्यंतच होता. तुला बोलला नाय? एका घरातले दोघं मी ठेवत नाय. जूनमध्येच त्याला विचारलं, तू की मुलगी. बोलला, मुलीचं मशीन चालू झालं की मी निघतो."

घरी आले. बाबा दारात बसून पक्कड पुसत होते. वर बघून विचारलंच, "चाललं का?"

चाललं, बाबा.

शितलाईचा नारळ फोडायचा राहिलाय. मीच बोलले होते — दसऱ्याच्या आत होऊ दे म्हणून.