होडी, बूच आणि माझा सूडपट

३ जानेवारी
बाबांच्या मुक्या फिल्मचे अकरा रोल होबार्टहून डिजिटल होऊन आले. संकल्प : यांतून माझा आत्मचरित्रात्मक माहितीपट. वीस तारखेला, आईच्या पंच्याऐंशीव्या वाढदिवशी, बोलिंग क्लबच्या हॉलमध्ये दाखवणार. वरकरणी आईचा सन्मान. अंतस्थ हेतू थोरल्या भावाचा, रॉसचा समाचार. १९७८ साली त्याने होडीच्या तळाच्या भोकाचं बूच काढून मला बुडवायला पाहिलं. मी नऊचा, तो बाराचा. होडीला लावलेली बाबांची नवी मोटर तळाला गेली. शिक्षा काय, तर रॉसला एक उन्हाळा होडीबंदी. माफी अद्याप प्रलंबित.

रोज एक रोल संपादित करणार. पहाटे पाचला.

८ जानेवारी, सकाळी ११
पहाटेची वेळ सर्जनशीलतेला मारक. पहिला रोल पाहिला. रॉस सगळीकडे, मी चारदा, त्यात तीनदा पाठमोरा. बाबांचा पक्षपात उघड. निवेदनात घ्यायचं.

१४ जानेवारी
निवेदन रेकॉर्ड केलं. फिल्म मुकी, म्हणून रॉसचे संवादही मीच म्हटले, किंचित खलनायकी आवाजात. जॅनिस म्हणाली, बायको म्हणून सांगते, हा रॉस नाही, नाक चोंदलेला तूच आहेस. आणि मर्ल मावशीसाठी खाली अक्षरं टाक. ठार बहिरी ती, बिचारी नुसते ओठ वाचत बसेल.
बसू दे. एका म्हातारीसाठी एवढा खटाटोप कोण करणार?

१९ जानेवारी
दहा रोल वगळले. कलेला त्याग लागतो. उरली फक्त होडी, तीन मिनिटं. रॉसचा फोन : उद्या सॉसेजेस मी भाजतो, तू तुझा सिनेमा सांभाळ रे शेंबड्या. बोल, बोल. उद्यापर्यंतच.

२० जानेवारी
हॉल भरलेला. पडद्यावर होडी, आम्ही दोघं, पायाशी पाणी. माझ्या आवाजातला रॉस गरजला, आता बूड, ग्लेन. त्याच क्षणी पहिल्या रांगेत मर्ल मावशी खणखणीत आवाजात ओठ वाचू लागली. धाकटा म्हणतोय, बूच माझ्या खिशात आहे, बाबांना सांगू नकोस. थोरला म्हणतोय, नाही सांगत, आधी पोहायला लाग.

आईने रॉसकडे पाहिलं. म्हणाली, अरे, मग तो अख्खा उन्हाळा तू काठावर का बसलास?
रॉस म्हणाला, आई, सॉसेजेस करपतायत. आणि बाहेर गेला.

२१ जानेवारी
मावशीचे डोळे तपासून घ्यायला हवेत. शिवाय नऊ वर्षांच्या मुलाचं बोलणं पुरावा म्हणून कितपत ग्राह्य? माफी कोणी कोणाची मागायची, हा प्रश्न तूर्त खुला ठेवला आहे.

संध्याकाळी रॉसचा फोन. शनिवारी होडीवर ये, म्हणाला. बूच मी आणतो.