चिमण्याच्या चोचीतला ऐवज

दि. १९ एप्रिल

चिरंजीव बाळ्यास,

आशीर्वाद आधी सूनबाईला आणि छकुलीला, उरतील ते तुला.

इकडे सारं ठीक. तुझ्या बाबांचा खोकला गेला, बोलणं तेवढं राहिलं. माझे गुडघेही बरे आहेत. गुडघ्यांचं कारण सांगून तुझ्याकडे येणं टाळता आलं असतं. पण सकाळी देवाचं नाव घ्यायचं आणि दुपारी पोटच्या मुलाला खोटं लिहायचं, हे मला जमत नाही.

तू फेकायला काढलेला कॅमेरा अजून छान चालतो. मागच्या अंगणात जुनी चादर वाळत घालते, तिला मधोमध भोक पाडलंय, त्यातून फोटो काढते. चिमण्यांना वाटतं, नुसती चादरच आहे. शेजारीण म्हणाली, "अहो, तुमच्या चादरीला डोळा फुटला की काय?" म्हटलं, "फुटला, पण तुमच्याकडे बघत नाही, घाबरू नका."

आता तुझं पत्र. मी पाठवलेला घरट्याचा फोटो तू मोठा करून पाळण्यावर लावलास, खाली 'आईची माया' लिहिलंस. वर मला लिहितोस, "शेवटी आईच लागते. हिची रजा संपतेय. मी घरूनच काम करतो, पण ते शी-शूचं मला जमणार नाही. तू ताबडतोब ये, वर्षभर राहा."

बाळ्या, फोटो नीट बघ. गळ्याखाली काळा डाग आहे. तो चिमणा आहे, बाप! आणि तो भरवत नाहीये. चोचीत पांढरं गाठोडं दिसतं ना, ती पिल्लाची शी. घास गिळला की पिल्लू पाठ फिरवून पुडी बांधल्यासारखी चोचीत देतं. चिमणी नेते, चिमणाही नेतो. लांब टाकतो, फांदीला चोच पुसतो, येताना किडा आणतो. तोंड वाकडं करत नाही. देवाने त्याला एक चोच दिली, तुला चांगले दोन हात दिलेत.

बाबा मागून वाचत होते. म्हणाले, "मी कधी दुपटं धुतलं? तरी मुलगा वाढलाच की!" म्हटलं, "वाढला. कसा वाढला ते पत्रात दिसतंय." तेव्हाचे फिरायला गेलेत.

सूनबाईने तक्रार केली असं समजू नकोस. तिचा फोन आला होता, तुझ्याबद्दल ती काहीच बोलली नाही. मला कळलं. माझ्या आईशी बोलताना तुझ्या बाबांचा विषय निघाला की मीही अशीच गप्प व्हायची.

आणि खरं सांगू? तू शहाण्यासारखा वागला असतास तरी मी वर्षभर आले नसते. नातीसाठी जीव तुटतो. पण प्रार्थनेनंतरचा चादरीमागचा तास माझा आहे. आजवर घरातला प्रत्येक तास कुणाच्या ना कुणाच्या नावावर खर्ची टाकला. हा माझ्या नावावर आहे. लोकांना काय म्हणायचं ते म्हणू दे.

तुझ्या पत्रासोबत आलेलं तिकीट परत पाठवते आहे. येईन ती पाहुणी म्हणून, सूनबाई बोलावेल तेव्हा. तुझ्या "जमतंय गं आई"वर माझा भरवसा नाही. तिने लिहायला हवं, "आई, यांना जमतंय."

दुपटी आधी गार पाण्यात भिजव, गरम पाण्याने डाग पक्का होतो. एवढं सांगायला मला तिथे यावं लागत नाही.

तुझीच, पण जागची न हलणारी,
आई