कर्नलसाहेबांना भरवलेला घास

प्रिय अनार,

या पत्राला जर्दाळूचा आणि डिझेलचा वास येईल, त्याला माझा इलाज नाही. तुर्सुन ड्रायव्हरने ते पोत्यांखाली दडपून आणलंय. माझ्या ओट्यावरून हाक मारली तर तुझी कोंबडी मान वर करते, आणि पत्र मात्र अख्ख्या डोंगराला वळसा घालून, दोन नाकी ओलांडून तुझ्याकडे येतंय. सोबत एक डबा आहे. तो आत्ताच उघडू नकोस. मला तुझी सवय माहीत आहे, शाळेत असताना माझा डबा माझ्याआधी तूच उघडायचीस. आज तेवढा धीर धर. आधी पत्र वाच, मग झाकण काढ.

तुझ्या दोरीवर निळी रजई दिसली की मला कळतं, तुझे गुडघे आज बरे आहेत. हिरवी दिसली की नातवंडं आली आहेत. पण गेल्या आठवड्यात तू काळी घोंगडी वाळत टाकली होतीस, ती कशाची खूण? ती तर आपण ठरवलेलीच नाही. मी दिवसभर कामं टाकून तुझ्या अंगणाकडे बघत बसले. शेवटी पेरिझात म्हणाली, "आपा, धुतली असेल हो घोंगडी! माणसं घोंगडी धुतात कधीकधी." माझी नात हल्ली तुझ्या घराबद्दल माझ्यापेक्षा जास्त सांगते. पुलाला कुलूप लागल्यापासून रोज गालिचे धुवायला नदीवर जाते. अगं, आमच्याकडे इतके गालिचे आहेत तरी कुठे? जे आहेत त्यांचे रंग उडाले. आणि तुझा थोरला नातू दालेर समोरच्या काठावर गळ टाकून बसलेला असतो. त्या नदीत मासा नाही हे तुला माहीत, मला माहीत, आणि त्याला तर नक्कीच माहीत.

आता मुख्य बातमी. त्या दिवशी हेलिकॉप्टर आलं तेव्हा तुमच्याकडची माणसं जर्दाळू छपरांवर तसेच टाकून घरात पळाली, ते मी पाहिलं. तूही पळालीस, गुडघे दुखतात म्हणतेस त्या मानाने बरीच वेगात. घाबरायचं काही नव्हतं. पाहुणे आले होते. आमच्या सरकारने मोठ्या देशाला गळ घातली आहे, की बाबांनो, आमच्याशी करार करा, तुमचे चार जवान आमच्या सीमेवर आणून बसवा, म्हणजे आम्हाला रात्री झोप लागेल. कोणाची भीती, तर तुमची. म्हणजे तुझी, अनार! मी हे ऐकलं तेव्हा हसू आवरेना. पण खरं सांगते, ते हसू फार टिकलं नाही. मागच्या वसंतात कालव्याच्या पाण्यावरून ज्या गोळ्या सुटल्या त्या काही थट्टेच्या नव्हत्या. आमच्या शाळेचं छप्पर गेलं, तुमचा तो तांबडा बैल गेला. मी तळघरात बटाट्यांच्या ढिगावर बसून होते आणि पेरिझात माझ्या कुशीत शिरली होती. आमच्या पोरांनी तुमच्यावर झाडल्या की तुमच्यांनी आमच्यावर, हे मला आजही कोणी नीट सांगू शकत नाही. तेव्हा पहारा नको असं मी म्हणणार नाही. मला भीती वाटते, अनार. तुलाही वाटत असणार.

पाहुण्यांच्या आधी राजधानीहून उपमंत्री आला, मामितोव नावाचा. चकाकते बूट, आणि बोलताना सारखा घड्याळाकडे बघणार. आमचा गावप्रमुख सागिनबाय तर त्याच्यामागे असा धावत होता, की मला वाटलं आता याच्या बुटांवरची धूळ टोपीने पुसतो. रस्त्याकडेचे दगड चुन्याने रंगवले. कुठून तरी लोकरीच्या नमद्याचा तंबू मागवून गावाबाहेर ठोकला. आपल्या गावात आजवर कोणी तंबूत राहिलेलं नाही, पण पाहुण्यांना आवडतो म्हणे. मग उपमंत्र्याने नकाशा पसरला आणि बोट ठेवलं ते थेट पुलावर. "चौकी इथे होईल. पूल पाडायचा, काठाने काटेरी तार टाकायची." सगळे माना डोलवत होते. पेरिझात चहा घेऊन आत येत होती. किटली तिच्या हातातून पडली ती नेमकी सागिनबायच्या पायावर. तो ओरडला, ती तशीच बाहेर निघून गेली. मी मागे गेले तर गोठ्यात गायीच्या पाठीवर डोकं ठेवून रडत होती. त्या क्षणी मी ठरवलं, की चौकी कुठेही होऊ दे, खिंडीत होऊ दे, डोंगराच्या टोकावर होऊ दे, पण पुलावर होता कामा नये.

ठरवलं खरं, पण माझ्या हातात काय होतं? एक डाव आणि एक कढई. मेजवानीचं काम माझ्याकडेच आलं, कारण मेंढ्याचा कुठला सांधा कोणाच्या ताटात पडला पाहिजे हे या गावात आता मलाच कळतं. बाकीच्या पोरी मोबाईलमध्ये बघतात. सागिनबाय दहादा येऊन बजावत होता, "कुलीपा आपा, काही कमी पडू देऊ नका. सख्ख्या व्याह्यांना वाढतो तसं वाढा!" मी म्हटलं, "नक्की ना? व्याह्यांना वाढतो तसंच?" तो म्हणाला, "अगदी तसंच! देशाच्या अब्रूचा प्रश्न आहे." सगळ्यांदेखत म्हणाला बरं का. पुढे जे झालं त्यात माझा दोष असलाच तर इतकाच, की मी गावप्रमुखाचा शब्द मोडला नाही.

मोठ्या देशाचा तो कर्नलसाहेब म्हणजे आपल्याला वाटतो तसा मिशीवाला राक्षस नव्हता गं. टक्कल पडलेला, पोट सुटलेला, जेवणावर मनापासून प्रेम करणारा माणूस. बोरसोकचे तळलेले गोळे तर तो शेंगदाण्यासारखे तोंडात टाकत होता. त्याची भाषा आपण दोघी छड्या खात शिकलो, ती इतक्या वर्षांनी उपयोगी पडली. मेंढ्याचं डोकं त्याच्यापुढे ठेवलं, भाषणं झाली, पांढरी टोपी त्याच्या टकलावर बसवली. उपमंत्री मोठमोठे शब्द वापरत होता, भागीदारी काय, स्थैर्य काय. इतका वेळ बोलला, पण "आम्हाला भीती वाटते, जरा सोबतीला या" एवढं साधं वाक्य काही त्याच्या तोंडून निघेना. आणि मग मी ताट घेऊन आत गेले. त्यात मेंढ्याच्या जाड शेपटीची चरबी आणि कलेजी, एकावर एक, पातळ कापलेली, वर खारट रस्सा.

तंबूतल्या माना एकदम ताटाकडे वळल्या म्हणून सांगू! म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. सागिनबायचा चेहरा आंबट दह्यासारखा झाला. कर्नलला बिचाऱ्याला काय कळणार, शेपूट-कलेजी आपण फक्त सोयरीक पक्की करताना भरवतो, आणि एकदा खाल्ली की शब्द मागे घेता येत नाही. मी रीतीप्रमाणे घास उचलून त्याच्या तोंडाशी नेला. "उघडा," म्हटलं. त्याने उघडलं. उपमंत्री अर्धवट उठून कुजबुजला, "आपा, अहो काय करताय! अजून सह्या व्हायच्या आहेत!" मी म्हटलं, "तुमच्या सह्या तुम्ही करा साहेब, माझं काम मला करू द्या." कर्नलने घास चावला, डोळे मिटले आणि आणखी मागितला. तेव्हा मागून कोणीतरी म्हातारा ओरडला, "अरे, पण मुलीकडचे कोण आणि मुलाकडचे कोण?" तंबू हसून हसून कोसळायचा बाकी राहिला.

कर्नलने विचारलं काय चाललंय, तेव्हा मीच सांगितलं. उपमंत्र्यावर सोपवलं असतं तर त्याने त्याचीही भागीदारी करून टाकली असती. मी म्हटलं, "साहेब, आता तुम्ही आमचे व्याही झालात. आमच्या लग्नाला यायचं, मयताला यायचं, संकटात हाक मारली की धावायचं." तो पोट धरून हसला आणि म्हणाला, "आणि तुम्ही काय करायचं?" मी म्हटलं, "आम्ही तुम्हाला जेवायला घालायचं. पण एक रीत आहे. व्याही कितीही जवळचा असला तरी तो आमच्या दारात खाट टाकून वाट अडवत नाही. त्याला ओसरीवर वरची जागा देतात." "आणि तुमची ओसरी कुठे?" "वर, खिंडीत. पूल म्हणजे दार." सागिनबायने कपाळावर हात मारला. कर्नल मात्र हसायचा थांबला आणि माझ्याकडे जरा निराळ्या नजरेने बघू लागला.

जेवणानंतर म्हणाला, दाखवा ते दार. आम्ही सगळे पुलापाशी गेलो. तुझी निळी रजई वाऱ्यावर उडत होती. पेरिझात गालिचा बडवत होती, पलीकडे दालेर गळ टाकून. कर्नलने दुर्बीण लावली, एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा हिच्याकडे. मग मला हळूच विचारलं, "या नदीत मासे आहेत का?" मी म्हटलं, "नाहीत." त्यावर तो "हं," म्हणाला. एवढंच. मग उपमंत्र्याला सांगितलं, की खिंडीतून दोन्ही गावं दिसतात, पुलावरून एकही धड दिसत नाही, तेव्हा जागेचा विचार करावा लागेल. आणि जाता जाता जे म्हणाला ते ऐक. म्हणाला, "पण पलीकडच्यांचंही ऐकल्याशिवाय मी काही कळवणार नाही. पुढच्या आठवड्यात त्यांच्याकडे जेवायला आहे."

अनार! तुमच्या सरकारनेही त्यालाच बोलावलंय! आम्ही तुमच्या भीतीने ज्याचे पाय धरतोय, तुम्ही आमच्या भीतीने त्याचेच धरताय. एकाच पाहुण्यापुढे दोन शेजारी एकमेकांच्या कागाळ्या करणार आणि तो दोन्हीकडे पोटभर जेवणार. मी घरी येऊन इतकी हसले की पेरिझातला वाटलं, म्हातारी बिघडली.

तर आता सगळं तुझ्यावर आहे. तुमच्याकडचा उपमंत्रीही नकाशा पसरेल, त्याचंही बोट पुलावरच पडेल. तिकडून "चौकी पुलावर" असं गेलं तर माझी सगळी मेहनत पाण्यात. म्हणून सांगते, त्याच्यासाठी स्वयंपाक तूच कर, सुनांवर सोडू नकोस. बोरसोक भरपूर तळ. तू लग्न होऊन तिकडे गेलीस, तेव्हा नदीच्या दोन्ही काठांवर एकच देश होता, पण हात तर आपल्याच गावचा आहे तुझा. शेपूट-कलेजी कर, स्वतःच्या हाताने भरव, आणि दाराबद्दल नि ओसरीबद्दल मी बोलले तेच बोल. चरबी पातळ काप, तू नेहमी जाड कापतेस. तो दोन्हीकडचा व्याही झाला की एकाच्या बाजूने दुसऱ्यावर बंदूक रोखायला त्याला जरा तरी लाज वाटेल. नाहीच वाटली तर निदान पूल तरी राहील.

आता डबा उघड. आत चरबीत बुडवून शेपूट-कलेजी ठेवली आहे, खारवलेली आहे, टिकेल. ही कर्नलसाठी नाही. त्याच ताटातला हा घास मी तुझ्यासाठी आधीच बाजूला काढून ठेवला होता, तंबूत जाण्यापूर्वीच. पेरिझातला मी विचारलं, तिने मान खाली घातली आणि मग माझ्या गळ्यात पडून इतकं घट्ट धरलं की माझी बरगडी अजून दुखते. तुझ्या दालेरला विचारायची गरज आहे असं मला वाटत नाही, इतके महिने त्याला एक मासा मिळालेला नाही आणि तो अजून बसलेला आहे. मोठ्या देशाने आमचं रक्षण करावं की न करावं ते राजधानीवाले बघून घेतील. मला माझ्या घरासाठी करार हवा आहे तो तुझ्याशी. मुलगी माझी आहे, म्हणून पहिला शब्द तुझ्याकडून यायला हवा होता, हे मला कळतं. पण पूल बंद आहे, तू येणार कुठून? तेव्हा रीत मी मोडली. माझ्या वाटणीचा घास मी आज सकाळी खाल्ला. तू तुझा खाल्लास तर दोरीवर लग्नातला तो लाल गालिचा टाक. मी हे पत्र तुर्सुनच्या हातात दिल्यापासून ओट्यावर बसून असेन.

तुझीच,
कुलीपा
(विहीण म्हणायचं की नाही, ते तुझ्या दोरीवर वाचेन.)