रूथबाईच्या हातचं लेकरू

तळेगाव, माघ १९७८

लेकराच्या बाबाले नमस्कार.

तुमाले वर्धेच्या जेलात पोस्टकार्ड भेटन. त्याच्यावर पोरगा झाला, आमी दोघं चांगले हावो, येवढंच असन. बाकीचं या कागदावर लिहून राह्यली, अन् हा कागद मी धाडणार नाई.

सकाळी कळा आल्या तवा तुमच्या मायनं दवाखान्यातून नर्सबाई बोलावली. तिनं माया हात धरून येशूले विनवलं, "या माउलीले सोडव." लेकरू निघालं, पण रडलं नाई. तिनं त्याच्या तोंडाले तोंड लावून श्वास फुकला, तवा ते रडलं. विटाळाचे कपडे घरातलं कोणी शिवत नव्हतं. तेही तिनंच धुतले.

ती कपडे वाळू घालून राह्यली होती. शेजारची कमलाबाई आली अन् दारातच थबकली. माया कानाशी येऊन बोलली, "हे रूथबाई होय. तुह्या मालकाच्या टरकाखाली गेला, तो हिचाच पोरगा."

मी लेकरू उराशी धरलं.

मी तिले इचारलं, "बाई, तुमाले ठाऊक होतं?"

"होतं."

"मंग काऊन आल्या?"

"तुले कळा आल्या होत्या न बाई," ती बोलली अन् दोरीवरचं लुगडं सारखं करू लागली.

तिचा पोरगा सडकेवर घंटाभर जिता होता म्हणते. तुमी टरक थांबवला नाई.

लेकरू निजलं हाय. मी त्याच्या नाकाशी बोट धरून बसली हावो. त्याचा पयला श्वास तिनं देलेला हाय, हे तुमाले कोन्या तोंडानं लिहू?

तुमची,
चंद्रकला