लाल दोऱ्याची काठी

दि. ९ मार्च

चि. धाकट्यास,

दादाचे आशीर्वाद. तुम्ही सगळे ठीक असालच. नसलात तरी मला कळवणार नाहीस, म्हणून ठीक धरून चालतो.

आधी तुझ्या तपासणीला खरं काय लागलं ते सांगतो. एक काठी, लॅबची फी आणि तुझ्या वहिनीचा आठ महिन्यांचा अबोला. तो अजून चालू आहे की संपला, नक्की सांगता येत नाही.

काठीचं तुला कधी बोललो नव्हतो. दुकानात दुरुस्तीला आलेल्या मोटरचं बेअरिंग ऐकायला आपण काठीचं एक टोक मोटरला टेकवतो, दुसरं दातांत धरतो, त्या काठ्यांतली तुझी ती लाल दोऱ्याची. तू जेवायला गेलास आणि मी ती लॅबच्या पाकिटात घातली. लाळेवरून कळतं म्हणाले. रिपोर्ट आला: आनुवंशिक दोष, पन्नाशीनंतर कान जाणार.

भागीदारीतून तुझं नाव काढताना तो मी चारचौघांत वाचला. तू एवढंच म्हणालास, "दादा, ज्याचं रक्त त्याची गोष्ट." मी म्हटलं, "रक्त तुझं, पैसे माझे. मग कागद कोणाचा?" लोक हसले. तू सही केलीस. मला तर चेवच चढला. दिसेल त्या गिऱ्हाइकाला सांगत सुटलो, घरातला दोष सगळा धाकट्याने नेला, कान माझ्या वाट्याला आले. रस्त्यापलीकडची मोटर कण्हली तरी मला बसल्या जागी कळतं.

तुझ्या होणाऱ्या व्याह्यांच्या कानावरही मीच घातलं. पोरीचं ठरलेलं मोडलं. मला वाटलं, मी खरं तेच बोललो.

गेल्या महिन्यात विम्यासाठी माझी तपासणी झाली. लॅब तीच. त्यांचं पत्र आलं, हा नमुना आणि गेल्या वर्षीचा नमुना एकाच माणसाचा आहे, फी परत हवी का?

मी तुझ्या रिकाम्या टेबलाशी जाऊन बसलो तेव्हा उलगडा झाला. तू मोटर ऐकायचास, काठी फडक्याने पुसायचास आणि हात धुवायला जायचास. मग तीच काठी दातांत धरून तीच मोटर मी पुन्हा ऐकायचो. वीस वर्षं. तू एकदा तरी चुकशील आणि मी पकडीन म्हणून. चुकला नाहीस. आणि काठी पुसायची सवय मला नव्हती.

म्हणजे तुझ्या कानांचं काय, ते कोणालाच माहीत नाही.

तर सोमवारपासून कामावर ये. आपण दुरुस्त केलेल्या दोन मोटरी जळून परत आल्या. तारच हलकी लागली असणार, पण तू ऐकलेलं बरं. पगार ठरवू. भागीदारीचं मात्र काढू नकोस. नवा कागद करायचा तर चारचौघांत कारण सांगावं लागेल. व्याह्यांकडेही जाऊ नकोस, त्यांच्या मुलाचं लग्न होऊन गेलं. पोरीला म्हणावं, काकाने आठवण काढली.

आणि यातलं अवाक्षर कुठे बोलू नकोस. ज्याचं रक्त त्याची गोष्ट, हे तूच म्हणाला होतास. बरोबरच म्हणाला होतास.

तुझाच, अजून तरी,
दादा

ता. क. उत्तर लिहूनच पाठव. फोनवर मला नीट ऐकू येत नाही.