रोहिणखेडवाली

माय, मागच्या आठवड्यात नातीला घेऊन आपल्या पिंपळगावला जाऊन आले. खामगावात लग्न होतं. पोरगी सहा वर्षांची, मांडवात बसून कंटाळली आणि "आजी, तुझं गाव दाखव" म्हणून पदर ओढून ओढून तिनं हैराण केलं. तिला तुझ्याबद्दल एकच गोष्ट ठाऊक होती. ती गोष्टीचं पुस्तक पुढं करते, मी अक्षर अक्षर लावत बसते, आणि ती विचारते, आजी तुला भरभर का येत नाही? मी सांगते, माझ्या मायनं मला तिसरीतून काढलं, कापूस वेचायला नेलं. नवऱ्याला हेच सांगितलं, पोराला हेच सांगितलं, आता तिलाही.

दाखवायला तिथं काय होतं? घर विकून जमाना झाला. घेणाऱ्यानं पुढच्या खोलीत सोयाबीनची पोती रचली आहेत, चुलीच्या जागी मोटारसायकल उभी. पोरीनं बघितलं आणि विचारलं, झालं? मी म्हटलं, झालं. फिरणार तेवढ्यात शेजारच्या ओट्यावरून आवाज आला, "कोनाची व तू?" हिवरेवाली काकू. तुझी जोडीदारीण अजून आहे माय, डोळ्यांनी अधू झाली, पण कान शाबूत. बाबाचं नाव सांगितलं, तिला उमगेना. शेवटी म्हटलं, रोहिणखेडवालीची लेक. "मंग असं सांग नं. बस इथी."

गूळ-शेंगदाणे हातावर पडले तरी पोरगी गप्प बसेना. रोहिणखेडवाली म्हणजे काय? मी सांगितलं, इथं सून आली की तिला माहेरच्या गावावरून हाक मारतात. मग रोहिणखेडला गेली की तिला काय म्हणायचे? काकू म्हणाली, "पिंपळगाववाली." पोरीनं दोघींकडे बघितलं. "म्हणजे तिला नाव नव्हतंच?"

हेच मी तुला विचारलं होतं. तिसरीत आहे मी. मास्तर ओळीनं सगळ्यांच्या आयांची नावं विचारतात, माझी पाळी येते, मी उभी राहून मोठ्यानं सांगते, रोहिणखेडवाली. वर्ग असा हसतो की मास्तरही तोंडावर हात धरतात. मागच्या बाकावरचा एक पोट्टा कंडक्टरचा आवाज काढतो, "रोहिणखेडवाले उतरा." सुट्टीत तेच, घरी जाताना तेच. मी तणतणत आले तर तू चुलीपुढं. तुझं नाव काय, मी विचारलं. तू म्हणालीस, "सांग मास्तराले, माय हाय मनाव. नाव कायले पाह्यजे?" मी पुन्हा विचारलं तर उलथनं बसलं मनगटावर. रेशनकार्डावर नाव होतं, ते मला पुढं कळलं. तेच आता पोरीला सांगितलं, होतं की नाव, रेशनकार्डावर होतं.

"ते सासरचं," काकू म्हणाली. "लग्नात ठेवलेलं. तिले कधी पटलंच नाई. आन माहेरचं इथी चालत नव्हतं." मग सांगितलं की कापूस वेचताना आजूबाजूला कोणी नसलं की तुम्ही दोघी एकमेकींना माहेरच्या नावानं हाक मारत होतात. तुझं ते नाव तिनं घेतलं, सहज, जणू तू कपाशीच्या पलीकडच्या ओळीत, शेजारच्या तासात वाकून उभी आहेस. मला राग आला. तिला सांगितलंस, मला नाही. पोरीनं मात्र ते दोन-तीनदा म्हणून बघितलं आणि म्हणाली, छान आहे. आणि लगेच, मी तिला गप्प करायच्या आत, काकूला विचारलं, "मग पणजीनं आजीची शाळा का सोडवली?"

काकूचा हात शेंगदाण्यांवर थांबला. "कोनं सोडवली? तिनं? अवं, तीन दिवस तुह्या आजीले वढत नेलं तिनं शाळेपर्यंत. तिसऱ्या दिवशी ही चावली तिले. हे एवढे दात उमटले होते दंडावर, मले दाखोलं तिनं. मंग मने, र्‍हाऊ दे, चाल वावरात."

मी उठले. बस जाईल म्हटलं. बसला अजून बराच वेळ होता, स्टँडवर ताटकळत उभ्या राहिलो. बसमध्ये खिडकीची जागा मिळाल्यावर तिनं विचारलं, खरं कोणाचं? मी म्हटलं, म्हाताऱ्या माणसाला आठवत नाही गं, काहीचं काही बोलतात. तिनं मान हलवली. तिला माझं खरं वाटलं.

काकूला सगळं आठवतं माय. मलाही आठवत होतं, ओट्यावर बसले तेव्हाही आणि त्याच्या आधीही. तुझ्या दंडाची चव आठवते, घामाची आणि सरकीची. तू गेल्यावर तर सांगायला आणखीच सोपं झालं, उलटून बोलणारं कोणी नव्हतं.

हे लिहायला मला चार दुपारी लागल्या. पत्र पेटीत टाकायचं कुठं हा प्रश्नच नाही, तुझा पत्ता कुठला. पोरीला शाळेत आता जोडाक्षरं शिकवतात, दिसेल तो कागद वाचत सुटते. म्हणून हे वरच्या फळीवर, डब्यांच्या मागं ठेवते आहे.